भाकरी वर्तुळ नसते

जगातली निम्मी भांडणं शब्दांचे अर्थ आधी ठरवून न घेतल्यामुळे होतात, असं आमचे शेजारी माने सर मानतात. उरलेली निम्मी ते अर्थ ठरवून घेताना होतात, हे जुळे सोलापुरात त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिल्यामुळे मी सांगू शकतो.

सर मूळचे सांगोल्याचे. आयुष्यभर गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर वर्ग गल्लीत भरवला. डाळिंबवाला ओरडला, "शंभर टक्के गोड!" की सर फाटकात हजर.

"आधी व्याख्या! टक्के म्हणजे शंभरापैकी किती. तुझे शंभर कशाचे?"

"डाळिंबाचे की, सर."

"शंभरच्या शंभर खाऊन बघितलीस?"

"तुमी एक तर खावा, सर. लई ऊन हाय."

सोसायटीच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, आपल्या प्रगतीचा आलेख असाच अनंताकडे जाणार. टाळ्या वाजल्या. सर उठले. "आडव्या अक्षावर काय घेतलंय?" अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी चहा कुठवर आलाय ते पाहिलं. "आडव्यावर दिवस घ्या, उभ्यावर नळाचं पाणी घ्या. मग बघू रेघ कुठं जाते." त्यानंतरच्या सभेचं निमंत्रण सरांना मिळालं नाही. ते त्याशिवायच गेले.

घरात मात्र त्यांची गाठ काकूंशी होती. काकू मंगळवेढ्याच्या, शिक्षण चौथी. त्यांची ज्वारीची भाकरी बघून मी एकदा म्हणालो, "काय वर्तुळ आहे!"

"वर्तुळ नव्हे," सर म्हणाले. "वर्तुळ म्हणजे केंद्रापासून सारख्या अंतरावरच्या बिंदूंची नुसती कड. आत काही नसतं. भाकरी हे वर्तुळाकार क्षेत्र आहे."

काकूंनी भाकरीवर वाटी उपडी घातली, दाबली, मधला भाग उचलून स्वतःच्या ताटात घेतला आणि कडं सरांना वाढलं. "घ्या तुमचं वर्तुळ."

सरांनी ते शेंगाचटणीशी खाल्लं. म्हणाले, "कडेला जाडी आहे. तेवढं सोडलं तर बरोबर."

या उन्हाळ्यात काकू मोरीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हात वळेना. डॉक्टर म्हणाले, वापरात ठेवा, नाहीतर असाच राहील. काकूंनी परातीकडे पाठ फिरवली. घरी डबा येऊ लागला. सर रोज सकाळी कोनमापक घेऊन त्यांच्यापुढे बसत, मनगट किती वळतं ते बघत आणि कॅलेंडरवर लिहीत. भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "एकतीस अंश. काल एकोणतीस होते."

"माझा हात हाय, शाळेतली पट्टी न्हाय," काकू म्हणायच्या. पण हात पुढे करायच्या.

परवा मी पेपर परत द्यायला गेलो, तर काकू परातीशी बसलेल्या. सर दारात उभे. काकूंनी आधीच बजावलं होतं, "एकच करून बघनार. जमली न्हाय, तर पुन्यांदा पिठाला हात लावायची न्हाय."

भाकरी थापताना डावा हात पुढे जायचा आणि उजवा मागे राहायचा. एकदा त्यांनी ओठ घट्ट मिटले. शेवटी ती तव्यावर गेली, उलटली आणि ताटात आली. एका अंगाने ती अक्कलकोटच्या दिशेला निघाल्यासारखी दिसत होती.

काकूंनी ताट सरांपुढे सरकवलं. "सांगा. काय हाय ह्ये?"

सरांनी चष्मा पुसला, घातला. वाकून बघितलं. मी 'आधी व्याख्या'ची वाट बघत जागेवरच थांबलो.

"वर्तुळ," सर म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "आतल्यासकट?"

"आतल्यासकट."

"मग दुसरी टाकते," काकू म्हणाल्या आणि पिठात पाणी घातलं.

मी ती भाकरी जवळून पाहिली. तिला पाच कोपरे होते.