स्वबळावर नापास

नापास होणं हा प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क आहे. पण तो सगळ्यांना सारखा मिळत नाही. भाईंदरला हे २०२३ साली सिद्ध झालं.

आमचे शेजारी दत्ताराम हे नेते आहेत. (कशाचे, हे विचारायची पद्धत नाही.) इथल्या मोरवा गावात ते अर्ध्या चड्डीत हिंडत होते तेव्हापासून मी त्यांना ओळखते. मॅट्रिकला ते तीनदा नापास झाले, तेही कुणाच्या मदतीशिवाय. आता तसे दिवस राहिले नाहीत.

त्यांची मुलगी समिधा कॉलेजात पहिल्या दिवशी गेली, तेव्हा दत्तारामसाहेबांचा कार्यकर्ता निकेत तिच्याआधीच पोचला होता. गेटवर तिच्या हार्दिक स्वागताचा फ्लेक्स होता. त्यावर सतरा फोटो, त्यांत समिधाचा सोळावा. पहिल्या सहा महिन्यांत तिची हजेरी एकशे चार टक्के भरली. (वरचे चार टक्के सुट्टीतले.)

पोरगी कंटाळली. वडिलांसमोर उभी राहून म्हणाली, "पप्पा, मला एकदा माझी मी नापास व्हायचंय."

साहेबांनी मुलीचा शब्द कधी खाली पडू दिलेला नाही. "हो ना बेटा. विषय सांग फक्त, फोन लावतो."

म्हणून तिने कुणाला न सांगता अर्थशास्त्राचा पेपर कोरा दिला. वर्गातली एकोणचाळीस मुलं नापास झाली. समिधाला एकाहत्तर मिळाले. शेरा होता, 'मोजकं लिहिते.' गुण कमी करावेत म्हणून तिने फेरतपासणीचा अर्ज केला. अर्जावरचं आडनाव बघून अठ्ठ्याहत्तर झाले. नव्या फ्लेक्सवर तिचा फोटो नववा आला, ही प्रगतीच म्हणायची.

एके सकाळी ती बंगळूरच्या कॉलेजात नाव घालून निघून गेली. आठ महिन्यांनी मला तिचा फोन आला. "आजी, दोन विषय राहिले. इथे कुणी ओळखतच नाही गं मला." पोर आनंदाने रडत होती.

कोरा पेपर तपासणारे सर विभागप्रमुख झाले. निकेत हल्ली फ्लेक्सवर पहिल्या ओळीत असतो, गॉगल लावून. समिधा त्या दोन विषयांना पुन्हा बसली. एकात उत्तीर्ण झाली, दुसऱ्यात अजून स्वतंत्र आहे.

साहेबांचं कार्यालय जेसल पार्कला आहे. कॉलेज प्रवेशाच्या शिफारसपत्रासाठी सकाळी आठपासून रांग लागते. मुलाचे दोन फोटो आणा. गेल्या वेळी तुम्ही एकच आणला होतात.