शोधा आणि सगळीकडे बदला

सोसायटीचा सगळा कागदोपत्री कारभार एक छदामही न घालवता करून दाखवीन, असं मी सभेत माइक हातात घेऊन जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या! ठाकुर्लीतल्या आमच्या कमळकुंज सोसायटीत सेक्रेटरीसाठी टाळ्या? मला तर गहिवरूनच आलं.

झालेलं असं, की सोसायटीच्या ऑफिसातल्या विकतच्या सॉफ्टवेअरची मुदत संपलेली. फाइल उघडायची, पण एक अक्षर टाइप करू द्यायची नाही. पंगतीला बसवून वाढायचंच नाही, तसला प्रकार! मी घरी येऊन फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं.

"अहो, ते मुक्त सॉफ्टवेअर आहे," आमची कल्पिता म्हणाली. ती शाळेच्या ऑफिसात हेच रोज वापरते. "जगभरातल्या माणसांनी मिळून बनवलंय. आधी नीट शिकून घ्या."

"फुकटच्या वस्तूत शिकायचं काय असतं गं?"

लग्नाला बावीस वर्षं झाली की बायका भांडत नाहीत, वाट बघतात.

पहिलंच काम आलं ते नावबदलाचं. आमचे जुने चेअरमन मारुती शिंगटे लेकीकडे टिटवाळ्याला राहायला गेले आणि कुंडलिक केणे नवे चेअरमन झाले. झाले म्हणजे आम्हीच हातापाया पडून केले. शेजारचा प्लॉट त्यांचा. पाण्याची नवी लाइन त्यातूनच येणार, आणि त्यांच्या सहीशिवाय पालिका फावडंही उचलणार नव्हती. आम्हाला दिवसाआड चाळीस मिनिटं पाणी! बी विंगच्या शकूताईंनी तर पाहुण्यांना हात धुवायला देणं बंद केलेलं.

"हनुमान जयंती होऊ द्या, सही करतो," केणेशेठ म्हणाले होते.

आता, सोसायटीच्या दहा वर्षांच्या नोटिसा, पत्रं, अर्ज, सगळं एकाच लांबलचक फायलीत. जागोजागी मारुती शिंगटे! कुठे मारुतीराव, कुठे नुसतेच मारुती. एकेक शोधत बसलो असतो तर माझी साठी झाली असती. तेवढ्यात ते बटण दिसलं. शोधा आणि बदला. मी 'मारुती' शोधून 'कुंडलिक' केलं, 'शिंगटे' शोधून 'केणे' केलं. सगळीकडे! दोन सेकंदांत एकशे बारा ठिकाणी बदल. मी खुर्चीत मागे रेलून स्वतःसाठी चहा मागवला. मिळाला नाही, तो भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फायलीतून गेल्या वर्षीचं हनुमान जयंतीचं पत्रक उचललं, तारीख बदलली आणि न वाचता सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत शकूताईंचा मेसेज आला, 'कुंडलिकशेठना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!' मागोमाग केकची आणि गुच्छांची चित्रं धडाधड सुरू. अरे वा, शेठचा वाढदिवस! मीही 'जीवेत शरदः शतम्' ठोकून दिलं. सेक्रेटरीने मागे राहून कसं चालेल?

"अहो," दुपारी स्वयंपाकघरातून आवाज आला. "हे तुम्ही टाकलंय?" आणि कल्पिता मोठ्याने वाचायला लागली. "'सूर्योदयाला कुंडलिक जन्म. सात वाजता कुंडलिकला शेंदूर लावण्यात येईल. भक्तांनी कुंडलिकच्या डोक्यावर ओतण्यासाठी तेल घरून आणावे. दहा वाजता बालगोपाळांसाठी स्पर्धा, डोळे बांधून कुंडलिकला शेपूट लावा.'"

पाण्याची लाइन डोळ्यांसमोर सुकत सुकत गेली. तेवढ्यात बेल वाजली.

दारात केणेशेठच्या आई, सगुणाआई. वय अठ्ठ्याहत्तर, हातात पत्रकाची प्रिंट. मागे खुद्द केणेशेठ.

"माज्या पोराला शेपूट लावनारा कोन हाय रं?"

"आई, मी नाही... ते सॉफ्टवेअर..."

"बोलाव त्याला भायेर!"

केणेशेठ मात्र शांत होते. "नयनभाऊ," ते हळूच म्हणाले, "सकाळपासून साठ फोन आले. लोक म्हणतात, शेठ म्हणजे देवमाणूस. पुढे निवडणूक आहे. शेपूट तेवढं काढा, बाकी राहू द्या."

"राहू द्या?" सगुणाआई गर्रकन वळल्या. "देवाच्या जागी बसतंस? नी सूर्योदयाला जल्मलास व्हय? बाराला जल्मलास तू, भर दुपारचा! अजून बाराशिवाय उठत नाय!"

केणेशेठ एकदम सहावीतल्या मुलासारखे दिसायला लागले.

"ए सेकरेटरी, आत्ताच्या आत्ता माज्यासमोर नाव बदल!"

त्या डोक्याशी उभ्या. 'कुंडलिक' शोधलं, 'मारुती' केलं. सगळीकडे! पत्रकात पुन्हा मारुतीचा जन्म, मारुतीला शेंदूर. सगुणाआईंनी हात जोडले. वातावरण निवळलेलं बघून केणेशेठ म्हणाले, "काढा तो पाण्याचा कागद. आईसमोरच सही करतो."

मी त्याच फायलीतून परवानगीचं पत्र छापलं, शेठनी झोकदार सही केली आणि मी धावतच पालिकेच्या पाणी खात्यात पोचलो.

तिथल्या क्लार्कने कागद दोनदा वाचला. "आमच्या नोंदीत जागा कुंडलिक केणे यांची. परवानगी देतायत मारुती केणे. हे कोण?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उशिरा, पण पडला. तोंडातून निघून गेलं, "देव आहेत हो!"

"मग देवांचं आधार कार्ड जोडा," तो म्हणाला. "पुढचे कोण?"

परत येऊन सगुणाआईंच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या म्हणाल्या, "कागद तुजी बायको करील. तू हात लावू नुको." कल्पिताने त्याच सॉफ्टवेअरमध्ये ओळ न् ओळ वाचत पत्र दुरुस्त केलं. चार मिनिटं लागली. शेठनी हसत हसत पुन्हा सही केली आणि दोन महिन्यांनी कमळकुंजमध्ये रोज पाणी आलं.

त्या आनंदात सभा भरली आणि ठराव आला. सेक्रेटरींनी यापुढे कुठलंही बटण दाबण्यापूर्वी सौ. कल्पिता यांची लेखी परवानगी घ्यावी. बाजूने हात वर करा म्हटल्यावर अख्खं सभागृह वर! विरोधात एकही नाही.

खोटं कशाला सांगू? माझाही हात वर होता.