मंगळ्याची जागा

आमच्या शेजारच्या गयाआक्काला दर आठवड्याला बेल्जियमला फोन लावून हवा असतो. बेल्जियममध्ये तिचं कोणी नाही. तिथल्या एका फुटबॉल कोचाला तिला शिव्या द्यायच्या असतात.

आखाडा बाळापूरच्या बाजाररस्त्याला माझं मोबाइल दुरुस्तीचं आणि रिचार्जचं दुकान आहे. हौदात फोन पाडून ‘आपोआप बंद पडला’ म्हणणारी माणसं दिवसभर सोसायची, म्हणून माझं डोकं मुळातच तापलेलं असतं. गावाला ते ठाऊक आहे. पण आक्का पदर खोचून पायरी चढताना दिसली, की मी आपली निमूट स्टूल पुढे सरकवते.

“लाव त्या कोचाला.”

“आक्का, नंबर नाही माझ्याकडं.”

“पुन्यांदा मागं उभा केला लेकराला! लाव, मी बोलते. वाटोळं झालं त्याचं!”

“नंबरच नाही तर लावू कुठं?”

“मग एवढं फोनचं दुकान काहून मांडून बसलीस?”

मी स्टूल अजून जरा पुढे सरकवते.

फुटबॉलची आणि आक्काची गाठ कुरडयांमुळे पडली. फोनवर कुरडयांचा व्हिडिओ बघताना बोट भलतीकडे लागलं आणि पडद्यावर एक उंच, सडपातळ गडी आला. त्याच्या हातात मापापेक्षा मोठे हातमोजे होते. त्यांच्या गोलकीपरला पंचाने बाहेर काढलेलं, बदली खेळाडू संपलेले, म्हणून ह्याला गोलात उभं केलं होतं. ह्याने अंग झोकून देऊन चेंडू अडवला. सगळा संघ त्याच्या अंगावर पडून नाचला. पुढच्या सामन्यात त्याला बाकावर बसवलं.

आक्का तरातरा दुकानात आली. “हा कोण? आन् ह्याला बसवला काहून?”

मी शोधून वाचून दाखवलं. गडी घाना देशाचा, समुद्रकाठच्या गावचा, आता बेल्जियमच्या एका क्लबात. नाव क्वाबेना. त्याच्या लोकांत वारावरून नाव ठेवायची रीत आहे आणि मंगळवारी जन्मलेला तो क्वाबेना.

“म्हंजे मंगळ्या!” आक्का एकदम खूश झाली. “आपल्यात न्हाईत का सोम्या, बुध्या, शुक्र्या?” मग तिने फोन तोंडाजवळ नेला, वर हाताचा आडोसा धरला आणि काहीतरी पुटपुटली. मला वाटलं, कोचाला ठेवणीतली शिवी दिली असणार.

तेव्हापासून मंगळ्याची सगळी कारकीर्द आक्काला तोंडपाठ झाली. इंग्रजीतलं मी वाचायचं आणि तिने त्याचा आपल्या भाषेत निवाडा करायचा, असा आमचा रिवाज पडला. तिच्या तोंडून ऐकाल तर ती कारकीर्द अशी:

“लहानपणी सगळ्यात पुढं खेळायचा. गोल करायचा. तीच त्याची जागा. त्या जागेवर बघूनच ह्या लोकांनी त्याला तिकडं नेला. तर गेल्याबराबर ह्यांचा उजवीकडचा गडी लंगडा झाला. म्हणले, ह्याला उभा करा, ह्याला येतं. केला उभा. मग मधला रुसून गेला. म्हणले, ह्याला मधी घ्या, ह्याला ते बी येतं. मग डावीकडं. मग पार मागं, गोलापाशी. आन् जवा पुढची जागा रिकामी झाली, तवा म्हणले, तू नको, तू मागंच पायजे आमाला. पुढं नवं पोरगं इकत आणलं.”

मधे एक वर्ष त्याला तुर्कस्तानातल्या एका क्लबला उसना दिला होता. फुटबॉलमध्ये अशी पद्धत असते, हे मी सांगितलं आणि पस्तावले. आक्का उभीच राहिली. “माणूस उसना देतेत? वाटीभर साखर हाय का तो?” देशाच्या संघातही त्याची निवड झाली होती. मोठ्या स्पर्धेला नेलं आणि एकही सामना न खेळवता परत आणलं. त्यावर ती म्हणाली, “लग्नाला नेला आन् चपला राखायला बसवला.”

पेपरवाले, क्लबवाले त्याला ‘अष्टपैलू’ म्हणतात. हा शब्द कानावर पडला की तिचं टाळकं सरकतं. “कौतुक नगं सांगू. जागा सांग. जागा कोणती त्याची?” मग पडद्यावरच्या कोचापुढे बोट नाचवून ती आपलं ठरलेलं वाक्य म्हणते: “आधी जागा दाखवायची, मंग काम सांगायचं!”

हे वाक्य ती बेल्जियमला ऐकवते. जवळा बाजारच्या आपल्या धाकट्या भावाला ऐकवत नाही, आणि माझा संताप होतो तो इथेच.

आक्का पन्नाशीची आहे. लग्न झालं, वर्षाच्या आत नवऱ्याने दुसरी आणली आणि ही माहेरी परत आली. करणारा करून गेला, खाली मान हिने घालायची. तेव्हापासून ती थोरल्या भावाकडे आमच्या शेजारी राहते, असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर ती राहत कुठेच नाही. शिरड शहापूरला चुलती अंथरुणाला खिळली, गयाला पाठवा. नांदेडला धाकट्या बहिणीचं, सुलोचनाचं, ऑपरेशन झालं, गयाला पाठवा. कापूस वेचायला बाया मिळेनात, गया हाय की. पत्र्याची पेटी घेऊन ती एसटीत बसते आणि काम उरकलं की पेटी घेऊन परत येते. त्या पेटीतले कपडे कधी फडताळात लागलेले मी बघितले नाहीत. थोरल्याच्या घरी तिची बाजसुद्धा एका जागी नसते. पाहुणे आले की ओसरीत आणि पोती आली की अंगणात. एवढं करून भाऊ चारचौघांत सांगणार, “आमची आक्का म्हंजे ऑलराउंडर!” ह्यांच्या जिभेला काही हाड?

मी एकदा तोंडावर विचारलं, “आक्का, कोचाला बोलतेस ते भावांना बोल की.”

“ते माझे भाऊ हायेत,” ती म्हणाली. “कोच कोण लागून गेला माझा?”

मी एका फोनची काच काढत होते. ती माझ्या हातून तडकली.

गेल्या हिवाळ्यात आक्काच्या वागण्यात फरक पडला. कोचाला शिव्या देता देता मधेच हसायला लागली. कारण जवळा बाजारच्या धाकट्या भावाला, विनायकला, लग्नानंतर खूप वर्षांनी, देवधर्म आणि दवाखाने करून, मुलगी झाली. बाळंतपणाला अर्थातच गयाला पाठवा. पण ह्या वेळी विनायकने स्वतः फोन करून सांगितलं होतं, “आक्का, बारशाला आत्याचा मान तुझा. नाव तूच सांगायचं कानात.”

वाचणाऱ्याला ठाऊकच असेल, पण सांगते. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, कुर्रऽऽ करते, आणि भोवतीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. खिदळत, चांगले दणकून. आक्काला थोरल्या भावाची आधीची चार भाचरं आहेत. चारही वेळा ती घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी होती आणि धपाटे सुलोचनाने खाल्ले.

“औंदा मी सुलीसारखी वरडणार न्हाई,” जायच्या आधी ती मला म्हणाली. “कितीबी मारा म्हणावं.”

सव्वा महिना ती तिथे राहिली. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, बाळाचं न्हाणं, रात्रीची जागरणं, सगळं तिनेच केलं. मंगळ्याची खबर मी फोनवर कळवत होते. बारशाच्या आदल्या दिवशी त्याच्या क्लबाने जाहीर केलं, की यापुढे तो आमच्याकडे नसेल. खाली त्याचा हसरा फोटो होता आणि आभाराचा मजकूर. मी वाचून दाखवला: कुठेही उभा केला तरी खेळला, कधी तक्रार केली नाही.

पलीकडे स्फोट झाला. “तक्रार केली न्हाई म्हणून वापरला ना रे मुडद्यांनो! तक्रार केली असती तर जागा दिली असती का? लिही खाली. माझ्या नावानं लिही!” मी मराठीतच लिहिलं. थोड्या वेळाने घानाच्या कुणीतरी त्याखाली लाल बदाम टाकला. मजकूर काय कळला असेल कुणास ठाऊक, राग तेवढा पोचला.

दुसऱ्या दिवशी मी बारशाला जवळा बाजारला गेले. आक्काने अंजिरी रंगाचं नवं पातळ नेसलं होतं, केसांत अबोलीचा गजरा होता. मला बघून लाजली. तेवढ्यात विनायक घाईत आला. आचाऱ्याचा माणूस आला नव्हता.

“आक्का, जरा घुगऱ्यांकडं बघती का? पाचच मिनिटं.”

“बघते की. पण आत्या लागंल तवा हाक मार.”

“मारतो ना. तुझ्याबिगर व्हतंय का?”

ती आत गेली. बाहेर पाळण्याभोवती बाया जमल्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. कुणीतरी विचारलं, “आत्या कुठंय?” आणि नांदेडची सुलोचना सराईतपणे पुढे सरकली.

मी मोठ्याने म्हणाले, “गयाआक्का आत आहे. तिला बोलवा.”

विनायकच्या सासूबाई म्हणाल्या, “राहू द्या, कामात हाय ती. आन् नावाला नांदती बाईच बरी असती.”

मी विनायककडे बघितलं. तो मोबाइलवर शूटिंग करण्यात गुंग होता. सव्वा महिना ज्या हातांनी त्या लेकराला न्हाऊ-माखू घातलं, ते हात ह्यांना चालले. तोंड तेवढं अपशकुनी! मी तसं म्हणालेही, चांगली ओरडून. पण तोवर कुर्रऽऽ झालं होतं आणि धपाट्यांच्या गलक्यात माझं ओरडणं कुणाच्या कानी गेलं नाही.

मी आत गेले. आक्का हातात झारा घेऊन दाराकडे तोंड करून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पाठोपाठ विनायक पेढ्यांचं ताट घेऊन आला, आनंदाने नुसता फुललेला.

“आक्का, घुगऱ्यांचा काय वास सुटलाय! आत्ताच पाव्हण्यांना म्हणलं, आमच्या आक्काला कुठं बी ठेवा, कधी तक्रार न्हाई.”

आक्काने गॅस बंद केला. पातेल्यावर झाकण ठेवलं. झारा विनायकच्या हातात दिला.

“विनू, आधी जागा दाखवायची, मंग काम सांगायचं.”

“कोणती जागा?” तो म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. अशा माणसाला मारावं की त्याची कीव करावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती पेटी आणायला गेली. वाटेत पाळण्यापाशी वाकून तिने बाळाचं सरकलेलं टोपडं नीट केलं आणि बंद बांधला. मग पेटी घेऊन माझ्याबरोबर एसटी स्टँडवर आली. गाडीत मी सगळ्या खानदानाचा उद्धार करत होते आणि ती खिडकीतून तुरीची रानं बघत होती.

बाळापूरला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ती घराकडे वळली नाही. माझ्यामागून दुकानात आली, पेटी खाली ठेवून स्टुलावर बसली.

“मंगळ्याचा फोटू काढ.”

मी तो हसरा फोटो काढून दिला. मला वाटलं, आता कोचाचं काही खरं नाही. पण ती शांतपणे पडद्यावरून अंगठा फिरवत राहिली.

“सुलीनं पाच लेकरांची नावं ठेवली,” ती म्हणाली. “मी ह्या एकाचं ठेवलं.”

“कधी?”

“तू वाचून दाखवलं त्या दिवशी. हिथंच. फोन तोंडाशी धरला न्हवता का? ‘मंगळ्या’ म्हणलं, कुर्रऽऽ बी केलं, हळूच. तुला वाटलं, शिव्या देऊन राहिले.” ती जराशी हसली. मग तिचा आवाज चिरकला. “पण पाठीत मारायला कोणी न्हवतं गं. मारल्याबिगर नाव बसत न्हाई म्हणतेत. म्हणून तर लेकरू जागेबिगर फिरून राहिलं.”

एवढं बोलून तिने फोन पुन्हा तोंडाजवळ नेला, हाताचा आडोसा केला आणि त्या फोटोच्या कानाशी नाव सांगितलं. ह्या खेपेला मला स्पष्ट ऐकू आलं.

मी काउंटरला वळसा घालून तिच्या मागे गेले आणि पाठीत एक धपाटा घातला.

“हळू काहून मारून राहिलीस?” आक्का डोळे न पुसता म्हणाली. “सुलीला मारतेत तसं मार.”

मी मारलं.