लाल टिपक्याची बाटली

शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतली नोकरी सोडून जेवणाच्या टेबलावर कंपनी थाटली. माल एकच, गालिच्यावरचे डाग काढणारं द्रावण. ते शोधण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आता बायको फोन घ्यायची, सासूबाई बाटल्या भरायच्या आणि शास्त्रज्ञ काळजी करायचा.

हॉटेलांना नमुन्याच्या बाटल्या फुकट वाटायचं ठरलं, तेव्हा त्याची जुनी खोड उफाळून आली. निम्म्या बाटल्यांच्या बुडाशी त्याने लाल टिपका काढला.

"टिपकेवाल्यांत नुसतं रंगवलेलं पाणी भरा," त्याने सासूबाईंना सांगितलं.

"जावईबापू, गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं?"

"त्याशिवाय द्रावणाचा गुण कळणार कसा? पाणीवाले नाराज आणि द्रावणवाले खूश झाले, की झालं सिद्ध."

सासूबाईंनी मान डोलावली. त्यांनी मान डोलावली म्हणजे त्यांना पटलंच असं नसतं, हे फक्त त्यांच्या लेकीला ठाऊक होतं आणि ती फोनवर होती.

पंधरवड्यात निरोप येऊ लागले. सगळे खूश. बायको नाचायचीच काय ती बाकी होती. शास्त्रज्ञाचा चेहरा मात्र दर फोनला उतरत गेला, कारण लाल टिपकेवालेही तितकेच खूश होते. त्यांच्याकडचे कॉफीचे डाग गेले, शाईचे गेले, बुटाच्या पॉलिशचेसुद्धा गेले.

"संपलं," तो बायकोला म्हणाला. "माझ्या द्रावणात आणि पाण्यात काडीचा फरक नाही. सोमवारी परत प्रयोगशाळेत जातो. साहेबांनी माझी खुर्ची ठेवलीय अजून."

"अरे, पण लोक खूश आहेत ना?"

"पाण्यावर खूश आहेत," तो म्हणाला, आणि त्याला अगदी रडू आलं.

शनिवारी गावातल्या सर्वांत मोठ्या हॉटेलचे मॅनेजर रिकामी होत आलेली बाटली घेऊन स्वतः दारात हजर झाले. त्यांना सगळ्या खोल्या, दोन्ही जिने आणि नाचाच्या हॉलसाठी वर्षभर माल हवा होता. त्यांनी खिशातून पेन काढलं. शास्त्रज्ञाने बाटली उलटी करून पाहिली. बायकोने टेबलाखालून त्याचा पाय दाबला, पण उशीर झाला होता.

"साहेब, हे पाणी आहे. तुम्हाला फसवून मला धंदा करायचा नाही."

बायकोने कपाळावर हात मारला. मॅनेजरांचं पेन परत खिशात गेलं.

तेवढ्यात सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "पाणी कुठल्याच बाटलीत नव्हतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "लेकीचा संसार ज्या धंद्यावर चालायचा, त्यात पहिल्याच खेपेला पाणी? माझा हातच धजेना. सगळ्यांत औषधच भरलं."

मॅनेजर पोट धरून हसले. पेन पुन्हा बाहेर आलं. "माल यांचा," ते सही करता करता म्हणाले, "पण व्यवहार मी आजींशीच करणार."

बायकोने आईला मिठी मारली. शास्त्रज्ञ तेवढा हिरमुसून बाटलीकडे बघत होता.

"म्हणजे पाण्याने डाग जातात की नाही, ते अजून कळलंच नाही. साहेब, तुमच्या निम्म्या खोल्यांना जर..."

सासूबाईंनी त्याच्या हातातली बाटली घेतली, उरलेले दोन थेंब फडक्यावर ओतले आणि ते फडकं बुडाशी फिरवलं. लाल टिपका नाहीसा झाला.

"झालं सिद्ध?"

शास्त्रज्ञाचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. द्रावण त्याचंच होतं आणि खरंच चाललं होतं. त्याने बाटली उजेडात धरून डोळे भरून पाहिली, मग तिच्या बुडाशी नवा लाल टिपका काढला आणि नळाकडे निघाला.