डोमाजींच्या काचा

भिलाईत त्या काळी क्वार्टर मिळणं म्हणजे लॉटरी लागण्यासारखंच होतं. डोमाजींनी मात्र मिळालेले दोन क्वार्टर परत केले. कारण काय, तर खिडक्या पसंत पडल्या नाहीत. "असी खिडकी कावून घेऊ? उजेड येते कुठून?" असं त्यांनी साहेबाला तोंडावर विचारलं. तिसऱ्या क्वार्टरच्या खिडक्या मोठ्या, पूर्वेच्या निघाल्या आणि डोमाजी आमचे शेजारी झाले.

प्लांट अजून उभा राहत होता. ट्रक दिवसभर धावायचे आणि लाल धूळ सगळ्यांच्या घरांवर सारखीच बसायची. आम्ही ती दिवाळीला पुसायचो. डोमाजी रोज दोनदा. पेशानं रिगर, क्रेनला अवजड लोखंड बांधणारा माणूस. पण काचेवर हात असा फिरायचा, जसं तान्ह्या बाळाचं नाक पुसावं.

आधी राखेचं पाणी, मग कोरडा कागद. तोही नागपूरहून येणारा मराठी पेपरच हवा. "हिंदी पेपरची शाई डाग सोडते, बाबू." मी टाइम ऑफिसातला कारकून, म्हणून बाबू. माझं पहिलं पान संपायच्या आत स्वारी दारात हजर. "झालं का वाचून? मंत्र्याच्या भाषणानं कोनाचं भलं झालं? काच तरी पुसून होईन." काच करकरली की खूश होऊन म्हणायचे, "हं, बोलली!"

एकदा मी वैतागून म्हणालो, "डोमाजी, आता काच झिजेल हो!"

ते हसले नाहीत. मला नळापाशी नेऊन हळूच म्हणाले, "तुमच्या वहिनीची नजर चालली, बाबू. दुर्गच्या डागदरनं हात टेकले. काचेवर धूळ हाय म्हनून अंधुक दिसते, असं मी तिले सांगून राहिलो. तुमी काही बोलू नका."

त्या दिवसापासून मी पेपर न वाचताच देऊ लागलो.

पुढे एका सकाळी डोमाजी ड्यूटीवर गेल्यावर वहिनींनी मला हाक मारली. त्या खिडकीशी बसून बोटांनी चाचपत मेथी निवडत होत्या. काही विचारतील या भीतीनं मीच घाईघाईनं म्हणालो, "आज धूळ फारच आहे, वहिनी."

"राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "डागदरचं बोलनं मले तवाच समजलं होतं. पन हे त्याईले कधी सांगू नका. पुसनं थांबलं, तर माह्या मानसानं करावं तरी काय?"