नुसताच हुंकार

रेकॉर्डिंग लावलं आणि झुमानाच्या तोंडचं पाणी पळालं.

"नामू... नामू!... नामूऊऊ..."

बस. एवढंच. तियेमोकोबाबांचा शब्दही नाही. बाबा गावचे जेली, म्हणजे घराण्यांच्या कथा सांगणारे. गावाच्या सगळ्या पिढ्या त्यांना तोंडपाठ, कागदावर अक्षर नाही. जेली बोलायला लागला की समोर कुणीतरी "नामू", म्हणजे "खरंय, पुढं सांगा" म्हणावं लागतं, नाहीतर गोष्ट हलत नाही. ते काम कुलिबाली घराण्यातल्या झांगाकाकांचं. झुमानाने दोघांना एकेक माइक लावला होता. बाबांचा चालू करायचाच राहिला.

ज्यांच्यासाठी हे रेकॉर्डिंग, त्या संग्रहालयाच्या बाई उद्या सेगू शहरातून ऐकायला येणार. आणि बाबा आधीच म्हणालेले, "यंत्रापुढं एकदाच सांगेन, पोरा. परत नाही."

माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत. झुमाना कोलाच्या कडू बिया घेऊन निघाला. चिंचेखाली बाबाच समोरून आले. त्यांच्याही हातात कोला!

"बाबा, माझं चुकलं..."

"थांब, आधी माझं ऐक. ते पुसून टाक."

"काय?"

"सवयीनं बोलून गेलो रे. कुलिबालींचा पणजा चवळीच्या हंडीपायी लढाईला उशिरा पोचला म्हणालो. थट्टाच ती, चवळीवरून अख्खा देश करतो त्यांची. पण झांगा म्हणतोय, 'मी त्याला नामू म्हटलं! शंभर वर्षं माझी नातवंडं ऐकतील!' पुसल्याशिवाय हुंकार देणार नाही म्हणून रुसून बसलाय."

झुमानाने मोठ्या मुश्किलीने चेहरा गंभीर ठेवला. "अवघड आहे बाबा... पण तुमच्यासाठी पुसतो. फक्त परत सांगावं लागेल."

"दहादा सांगेन!"

दोघांनी एकमेकांचा कोला खाल्ला. झुमानाला तो पहिल्यांदाच गोड लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने बाबांचा माइक तीनतीनदा तपासला. बाई आल्या, बसल्या. बाबा केइटा, त्राओरे अशा घराण्यांची थट्टा करत गेले, पण कुलिबालींबद्दल जपून, अगदी शहाण्यासारखं बोलले. कुलिबाली आले, शूरपणे लढले, गेले.

झांगाकाकांचा "नामू" मात्र उतरत उतरत पार पुटपुटण्यावर आला. शेवटी ते उठलेच.

"एवढंच? केइटांची थट्टा, त्राओरेंची थट्टा, आणि आम्ही काय परके? पाहुणे आहोत गावात?"

"तूच म्हणालास ना, पूस!"

"म्हणालो असेन! चवळी घाल आधी!"

बाई हसायला लागल्या. झुमानाने माइकचा दिवा पाहिला. चालू होता.

"नामू," तो म्हणाला.