कस्तुरचंदांचं दुमडतं टेबल

कारंज्याचे कापडवाले कस्तुरचंद यांनी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि रिकामपण खायला उठलं म्हणून सुतारकाम शिकायला घेतलं. पाट, चौरंग असलं किरकोळ काम त्यांना कसं शोभावं? त्यांना हवं होतं दोन्ही बाजूंच्या फळ्या खाली दुमडणारं सागवानी टेबल, वर शिसमाच्या चकत्यांची जडवलेली वेल, आणि सगळं जुन्या पद्धतीनं, हातानं. मुलगी टीनाची सोयरिक ठरवायला अमरावतीचे पाहुणे येणार होते. त्यांचं जेवण याच टेबलावर, असं शेठजींनी पहिली फळी कापायच्या आधीच फोनवर सांगून टाकलं.

शिकवायला भागवत मिस्त्री होते. चकत्या चिकटवायच्या दिवशी त्यांनी सरस गरम करायला ठेवला.

"हा कायचा राह्यते?" शेठजींनी विचारलं.

"जनावराच्या कातड्याचा."

शेठजी तीन पावलं मागे सरले. "माह्या घरात नाही चालत."

"मंग बाजारातून गोंदाचा डबा आणा."

"अन् पाहुण्याइले काय सांगू? डबा म्या फोडला म्हणून?"

शेवटी शेठजींनी अक्कल पाजळली. कापडाची खळ त्यांनी जन्मभर पाहिलेली. त्यांनी मैद्याची खळ शिजवली आणि चिकटपणा वाढावा म्हणून वर गूळ घातला.

"शेठजी, हे चिकटवाचं हाय का खायाचं?" मिस्त्रींनी विचारलं. वेल मात्र झकास बसली.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी पाहावं तर वेलीच्या पानापानावर मुंग्या.

"पावडर टाका," मिस्त्री म्हणाले.

"एक मुंगी मेली तं मी चूल पेटवणार नाही," शेठजींच्या पत्नी हीराबाईंनी बजावलं.

शेठजी मऊ कुंचा घेऊन बसले. उजवीकडच्या झाडाव्यात, तोवर डावीकडच्या परत येत. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून पाहुणे चारलाच हजर झाले. शेठजींनी दुमडलेली फळी उचलली. मुलाच्या वडिलांनी चष्मा पुसला.

"कस्तुरचंदजी, तुमची वेल चालून राह्यली."

मुलामुलीची पसंती आधीच झाली होती, आणि आता आपल्या मिरवण्यापायी पोरीचं जमलेलं मोडणार, या भीतीनं शेठजी खरं बोलून गेले. सरस नको म्हणून खळ, खळीला मुंग्या, मुंग्या मारवत नाहीत. पंगत खाली जमिनीवर मांडली गेली.

हात धुऊन मुलाचे वडील गहिवरून म्हणाले, "जिवासाठी येवढं टेबल सोडलं. असं घर कुठी भेटते? सोयरिक पक्की. फक्त रुखवतात अस्संच एक टेबल द्या."

चाळीस वर्षांत एकही गिऱ्हाईक रिकाम्या हाती न धाडलेल्या कस्तुरचंदांनी हात जोडले.

"माल संपला," ते म्हणाले.